पुढे न जाणारा रस्ता

सायकल घेऊन कामशेतच्या बाजारात उभे आहात, असं समजा. दिवस आडवारचा, बुध किंवा गुरू. शनिवार-रविवार सायकलवरच्या या मननाला चालत नाहीत. त्या दिवशी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते आणि रांगेत मनन होत नाही, चिडचिड होते. महिना मार्गशीर्ष. भात कापून, झोडून झालेलं. टायर अंगठ्याने दाबून बघा, ब्रेक बघा, बाटली भरून घ्या. आणि पेडलवर पाय ठेवण्याआधी थोडा वेळ नुसतं ऐका.

एक आवाज सलग आहे. तो द्रुतगती मार्गाचा. २००२ साली तो पुरता खुला झाला. सायकलला तिथे मज्जाव आहे. दुसरा तुटक, हॉर्नचा आणि गिअर बदलण्याचा. तो जुन्या महामार्गाचा, ज्याचा बोरघाट १८३० साली चाकांच्या गाड्यांसाठी खुला झाला. तिसरा येतो आणि जातो. खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ची. हे तीन आवाज एकमेकांपासून सोडवून ऐकता आले तर बघा. नाही आले तरी बिघडत नाही. फक्त त्यांच्यावर वैतागू नका, कारण हा पट्टा शांत कधी नव्हताच.

जुनं म्हणजे शांत, असं आपल्याला उगीच वाटतं. इथून पश्चिमेला कार्ला आणि भाजे, दक्षिणेकडे पवन मावळात बेडसे. एकांत शोधत भिक्खू रानात आले आणि त्यांनी लेणी खोदली, असं सहलीच्या पोरांना सांगितलं जातं. पण ही लेणी वाटेच्या उशाला आहेत. देशावरचा माल इथूनच घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जात होता. कार्ल्याच्या चैत्यगृहात दान देणाऱ्यांची नावं खांबांवर आणि भिंतींवर कोरलेली आहेत: वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाची माणसं, त्यांत यवन म्हणून नोंदवलेलेसुद्धा. म्हणजे बैलांच्या घंटा, तांड्यांची भांडणं, जकातीवरून हुज्जत हे सगळं त्या डोंगराच्या पायथ्याशी चालू असणार आणि वर ध्यान.

पुढे १७७९च्या जानेवारीत इंग्रजांची फौज बोरघाट चढून पुण्याकडे सरकत होती, तेव्हा तिच्यासोबत सुमारे १९,००० बैल होते. दिवसाला जेमतेम मैल-दोन मैल. तळेगावपर्यंत ती पोचली, मराठ्यांनी तिची कोंडी केली, आणि माघार घेताना वडगावला तिला तह करावा लागला. ही लढाई महादजी शिंद्यांच्या नावाने ओळखतात, ते बरोबरच आहे; मला मात्र तिच्यात नेहमी ते बैलच दिसतात. बोरघाटाच्या वाटेवरची एवढी मोठी वाहतूक कोंडी आपण कौतुकाने इतिहासात घातली आहे.

आता निघा. रूळ ओलांडा, इंद्रायणी ओलांडा आणि नाणे गावाच्या रस्त्याला लागा. पहिले दोन-तीन किलोमीटर काही करायचं नाही. वेग बघायचा नाही. मोबाइल हॅन्डलवर लावला असेल तर काढून खिशात टाका. शरीराला सायकल समजायला तेवढा वेळ लागतोच. सीट टोचते, चेन कुठेतरी कुरकुरते, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. खांदे खाली सोडा. हात हॅन्डलवर नुसते ठेवा, मुठी आवळू नका. चढ आला की गिअर उतरवा, तरी जमेना तर उतरून ढकला. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढेल त्याला घाटाचा राजा म्हणतात. नाणे मावळात राजा होण्याजोगं काही नाही.

मग केव्हातरी तो सलग आवाज गेलेला असतो. नेमका कुठे गेला ते कळत नाही. टायरखाली खडी वाजते, दूर कुणीतरी गुरांना हाकारतं, बुलबुल तारेवर भांडतात. दोन्ही बाजूंना खाचरं, भाताची धसकटं तशीच उभी. जिथे ओल राहिली आहे तिथे हरभरा उगवून वीतभर वर आलेला. बांधावर पेंढ्याच्या गंजी.

एका बांधाशी थांबा आणि या खाचरात काय उभं होतं ते आठवा. बहुतेक इंद्रायणी नावाचा भात. ते वाण याच मावळ तालुक्यातल्या, वडगावच्या भात संशोधन केंद्राचं. आंबेमोहर आणि आयआर-८ यांच्या संकरातून ते तयार झालं आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. वास आंबेमोहराकडून आला, उतारा दुसऱ्याकडून. पुण्यातल्या कितीतरी घरांत रोज कुकरला लागतो तो हाच भात. गाडीतून जाताना तो दिसत नाही. गाडीतून फक्त हिरवं दिसतं. सायकलच्या वेगाला मात्र एकेक खाचर वेगळं होतं: हे नीट बांधलेलं, ते फुटलेल्या बांधाचं, हे यंदा पडीक. पडीक खाचरासमोर जरा जास्त वेळ थांबा. इथे गेल्या आषाढात कुणी चिखलणी केली नाही, गुडघाभर चिखलात वाकून कुणी लावणी केली नाही. का केली नसेल, याच्या कहाण्या रचू नका. नुसतं बघा.

करंजगाव आलं की पाय टेका.

कार्ल्याच्या लेण्यात उषवदाताचा एक लेख आहे. हा नहपान क्षत्रपाचा जावई. वलूरकच्या, म्हणजे कार्ल्याच्या लेण्यांत जे कोणी वर्षावास करतील, मग ते कुठलेही असोत, त्या सगळ्यांच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं, असं तो लेख सांगतो. पुढे क्षत्रपांचा पाडाव करून आलेल्या सातवाहनांनीही याच दानाची आज्ञा मामालच्या अमात्याला पाठवली. मामाल म्हणजे आपलं मावळ. आणि करजिक म्हणजे हे करंजगाव, असं मानणारे अभ्यासक आहेत.

वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे महिने चालणं बंद करून एका जागी राहणं. भिक्खू एरवी वर्षभर वाटेवर असत. वाट चिखलाने बंद झाली की थांबत. पण थांबलेल्या माणसालाही दोन वेळा जेवायला लागतं. तो खर्च एका गावाच्या खाचरांनी उचलला, आणि राज्यकर्त्यांनी तो दगडात कोरून ठेवला, हे विशेष. लेणं पाहायला आपण तिकीट काढून जातो. लेणं ज्याच्यावर जेवलं ते गाव बघायला कुणी थांबत नाही.

इथे सावली धरून बसा आणि एकच गोष्ट मनात धरा: मी थांबतो, तेव्हा माझ्या थांबण्याचं कोण भागवतं? आज बुधवार आहे आणि तुम्ही सायकलवर आहात. तुमच्या टेबलावरचं काम कुणीतरी ओढत असेल. घरी कुणीतरी पोरांना शाळेतून आणणार असेल. अपराधी वाटून घेऊ नका, त्यानं काही होत नाही. फक्त ती नावं एकेक करून आठवा. मी आठवायला बसलो की यादी वाटते त्यापेक्षा लांबते.

पुन्हा पेडल मारायला लागलात की लक्षात येईल, रस्ता आणखी मोकळा झाला आहे. कामशेतपासून १५-२० किलोमीटरवर जांभवलीत तो संपतो. पुढे ढाकचा डोंगर आणि त्याच्यापलीकडे कोकणात तुटलेला कडा. जिथून पुढे जाता येत नाही तिथे फक्त तिथलेच लोक येतात. तुमच्या वाट्याला आलेली शांतता ती एवढीच, आणि तिची दुसरी बाजू गावकऱ्यांकडे आहे. मोठा दवाखाना, कॉलेज, बाजार सगळं एकाच दिशेला. एसटी चुकली की दिवस गेला. ‘किती शांत आहे इथे’ हे वाक्य पारावर मोठ्याने म्हणून बघा. उलटून कुणी बोलणार नाही. चहा विचारतील आणि मग विचारतील, “येवढ्या लांब सायकलवर? गाडी नाय का तुमच्याकडं?” यात थट्टा नाही. दुधाचे कॅन कॅरिअरला बांधून कामशेत गाठलेल्या माणसांना सायकल म्हणजे काय ते माहीत आहे. मोटरसायकल हप्त्याने मिळायला लागली त्या दिवशी त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. त्यांना तुमची काळजी वाटते.

जांभवलीचं कोंडेश्वराचं देऊळ जुनं, दगडी. महाशिवरात्रीला इथे पाय ठेवायला जागा नसते, आज तुम्ही आणि एखादं कुत्रं. चपला काढून फरशीवर बसा. पायांतली धडधड उतरू द्या. डोळे मिटायची गरज नाही.

जवळच शिरोत्याचा तलाव आहे, त्याच्या पाण्याचा विचार करा. ते पूर्वेच्या उताराचं. सोडलं असतं तर इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला गेलं असतं. टाटांच्या योजनेने ते अडवून पश्चिमेला वळवलं. कड्याखाली खोपोलीचं वीजगृह आहे, १९१५ सालचं. तिथे पाणी उतरतं, चक्र फिरवतं, पाताळगंगेला मिळतं आणि अरबी समुद्राला जातं, वीज मुंबईला. म्हणजे ज्या खोऱ्यातून कुणी पलीकडे जात नाही, त्यातून पाणी मात्र डोंगराच्या पोटातून पलीकडे निघून जातं. तांदूळ उलट्या अंगाने पुण्याला. पोरंही तिकडेच, चाकण-तळेगावच्या कारखान्यांत.

परतीला समोरून एसटी येईल. रस्ता जेमतेम तिच्या मापाचा आहे. उतरा, सायकल कडेच्या गवतात घ्या, तिला जाऊ द्या. पाराशी प्यायलेल्या चहाचे पैसे देऊ केलेत तर घेणार नाहीत. तांदूळ मागा, त्याचे घेतात, आणि भाव करू नका. पाच किलो कॅरिअरवर नीट बसतात. दोरी मात्र घरून आणलेली बरी.