शरण आलेल्याचे रक्षण

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली येऊन दडलेल्या सशाची लीळा उपदेशी मंडळींच्या परिचयाची आहे. पारधी आले, तरी स्वामींनी ससा त्यांच्या हाती दिला नाही. या लीळेचे निरूपण बहुधा भूतदयेपाशी थांबते. परंतु सशाला लाभला तो आश्रय खरा होता, हेही तीत पाहावे. आश्रयाचे ठिकाणच पारध्याचे झाले, तर दुर्बळाने कोठे जावे?

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात गेल्या, तेव्हा हाच प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. सरकारी मदतकेंद्रांत निराधार मुलींवर देखरेख करणारेच त्यांच्या असहायतेचा गैरफायदा घेत होते, हे त्यांनी लिहून ठेविले आहे. त्या मुलींना त्यांनी पुण्यास आणिले आणि तेथे प्लेगचे निर्बंध आल्यावर दौंड तालुक्यातील केडगावी नेले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्यांना केवळ अन्न मिळाले नाही. शिक्षण मिळाले, विणकाम व छपाई यांसारखे हातचे काम मिळाले, अंध स्त्रियांचीही सोय झाली. रमाबाईंचा धर्ममार्ग निराळा. म्हणून या कार्याकडे डोळेझाक करणे परमार्गाच्या अनुयायास शोभणारे नव्हे.

त्याच दौंड तालुक्यात आणि भीमेपलीकडे शिरूरकडे आजही ऊसतोड सुरू झाली की कोप्या पडतात. आईबाप पहाटेच फडात जातात. तान्हे झोळीत, आणि त्याची राखण करणारी बहीणही लहानच. गावी राहिलेले वृद्ध एकटे. यास आईचा निष्काळजीपणा म्हणणे सोपे आहे. परंतु उचल घेतलेल्या आईस घरी बसण्याची मोकळीक कोठली? २०१५ चा बालन्याय कायदा मुलाच्या हेतुपुरस्सर उपेक्षेस शिक्षा सांगतो. तथापि परिस्थितीपुढे हतबल होऊन मूल सोडणाऱ्या जन्मदात्यांस तो त्या दंडातून वगळतो. मग ज्यास मोकळीक आहे, त्या मुकादमाने, फडमालकाने, गावाने उत्तर द्यावे.

आणि मठांनीही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास कळते, त्याने ते पोलिसांस कळविलेच पाहिजे, असे २०१२ च्या पोक्सो कायद्याचे बंधन आहे. मठ, आश्रम, वसतिगृह कोणीही त्यातून सुटलेले नाही. अपकीर्तीच्या भयाने गोष्ट झाकणे म्हणजे आश्रयास आलेला ससा पारध्याच्या हाती देणे होय. जेथे मुले राहतात तेथे १०९८ आणि जेथे वृद्ध राहतात तेथे १४५६७ हे मदतीचे क्रमांक त्यांच्या नजरेस पडतील असे लिहून लावावेत, आणि मूल बोलू लागले तर त्यास मध्येच गप्प करू नये.