मी तर हातही लावला नाही

शेजारच्या काकांचा बॅटरीवरचा फवारणी पंप मी जानेवारीच्या शेवटी मागून आणला होता. आमच्या परसात आंब्याची तीन झाडं आहेत आणि मोहोरावर तुडतुडे दिसायला लागले होते. दोन दिवसांत काम झालं. दुसऱ्या दिवशी शेवटी शेवटी फवारा मरतुकडा यायला लागला, तेव्हा कंटाळून बंद केला. पंप तीन पाण्यांनी धुतला, नोझल साफ केलं आणि माळ्यावर ठेवून दिला. उद्या देऊ, परवा देऊ, असं करत पाऊस आला आणि गेलासुद्धा.

ऑक्टोबरात काकांनी कुंपणावरून विचारलं, "पंप आहे ना रे तुझ्याकडे? पालवी यायला लागली."

"आहे की. देतो उद्या," म्हणालो आणि माळ्यावर चढलो. बटण दाबलं तर काहीच नाही. चार्जरला लावला. वीस मिनिटांत लाल दिव्याचा हिरवा झाला. मला बरं वाटलं, पण वीस मिनिटं म्हणजे जरा जास्तच लवकर. मल्टीमीटर लावला तर १२.७ व्होल्ट, म्हणजे अगदी तंदुरुस्त आकडा. टाकीत पाणी भरून पंप चालू केला. चार मिनिटं झकास फवारा, मग धार, मग थेंब. चालू असताना आकडा दहाच्या खाली घसरलेला.

या पंपांत बहुधा १२ व्होल्टची शिसे-आम्लाची सीलबंद बॅटरी असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही जात शोधली, आणि तेव्हापासून तिचा एक स्वभाव काही बदललेला नाही: तिला रिकामं राहणं सोसत नाही. वापरताना आतल्या पट्ट्यांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केलं तर ते विरघळून परत जातं. तसंच ठेवलं तर त्याचे स्फटिक मोठे आणि कडक होत जातात आणि मग पट्ट्यांचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. उरलेला थोडासा भाग झटकन भरतो, म्हणून हिरवा दिवाही झटकन लागतो. दिवा खोटं बोलत नव्हता, बॅटरी भरलेलीच होती. फक्त ती आता लोटा राहिली नव्हती, पळी झाली होती.

मनात पहिलं वाक्य आलं ते हे: मी तर हातही लावला नाही. आपण हे किती सहज म्हणतो! फोडलं नाही, पाडलं नाही, कुणाला वापरायला दिलं नाही. पण मी नेमकं हेच तर केलं होतं: हात न लावणं. आठ महिने, रोज, नेमाने. काचेचा जग हातातून पडला असता तर मी त्याच संध्याकाळी नवा आणून दिला असता. इथे आवाज झाला नाही, एवढाच फरक.

दुसरा विचार जास्त वाईट होता. हिरवा दिवा आहेच, तर असाच नेऊन द्यावा. काका बटण दाबून बघतील, फवारा येईल, मी घरी येईन. दोन दिवसांनी बंद पडला तर 'जुना झाला होता' हे वाक्य ते स्वतःच म्हणतील. मला एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही. हे मला इतकं सोयीचं वाटलं की त्याचीच भीती वाटली.

याच माळ्यावर माझा स्वतःचा गवत कापायचा कटर होता, लिथियम बॅटरीचा. त्यालाही मी फेब्रुवारीपासून शिवलो नव्हतो. बटण दाबलं, दोन ठिपके पेटले, पातं फिरलं. लिथियमचं उलटं असतं. तिला साधारण अर्धी भरून, थंड जागी ठेवलेलं मानवतं. पूर्ण भरून उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवली तर ती लवकर म्हातारी होते आणि अगदी रिकामी ठेवली तर चार्जर तिला ओळखही देत नाही. माझी अर्धी भरलेली होती, कारण त्या दिवशी अर्धंच गवत कापून मी क्रिकेट बघायला बसलो होतो.

म्हणजे निष्काळजीपणा एकच, माळा एकच, आणि माझी वस्तू वाचली, दुसऱ्याची मेली. बर्नर्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल यांनी १९७६ साली याच कोड्याला 'नैतिक नशीब' असं नाव दिलं: जे आपल्या हातात नव्हतं त्यावरून आपला दोष कमी-जास्त का ठरावा? कॉलेजात हे वाचताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या दोघांचं उदाहरण होतं, एकाच्या समोर कुणी येत नाही, दुसऱ्याच्या समोर येतं. मला तेव्हा वाटलं होतं की दोघे सारखेच दोषी. आता वाटतं, दोष सारखा असेलही, पण काकांना पंप लागणार आहे आणि कटर कुणालाच लागणार नाही. भरपाई दोषाची नसते, तुटलेल्या वस्तूची असते.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं १५१ वं कलम सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात असेल तर साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्या. 'तुम्ही घेता तेवढी' असं ते म्हणत नाही. माझ्यासारख्यांना ओळखूनच लिहिलं असावं.

एक पळवाट मग उरली. काकांकडे असता तरी पंप पावसाळाभर कोपऱ्यातच पडला असता. बॅटरी तिथेही मेलीच असती. मग मी नक्की काय हिरावून घेतलं? हा युक्तिवाद मला खरंच पटला होता, लपवत नाही. गुपचूप नवी बॅटरी बसवून द्यावी, असंही वाटून गेलं. नुकसान शून्य, लाजही शून्य. पण त्यात काकांना एक गोष्ट कधीच कळली नसती: मला वस्तू द्यावी की नाही. ते ठरवायचा हक्क त्यांचा होता.

तर पंप घेऊन गेलो आणि सांगितलं. ते पहिलं म्हणाले, "तणनाशक नाही ना मारलंस त्यात?" त्याचा अंश राहिला तर पुढच्या फवारणीत चांगली झाडंही करपतात. नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला.

"बॅटरी मीच आणून देतो," मी म्हणालो. "पण पावसात तुमच्याकडे तरी..."

"मी संकष्टीला चार्जिंगला लावतो," काका म्हणाले. "उपास असतो ना, महिन्याच्या महिन्याला आठवण राहते."

मी हिशेब केला. माझ्या माळ्यावर आठ संकष्ट्या गेल्या होत्या.

"जुनी दुकानात परत दे," त्यांनी मागून हाक मारली. "भंगाराचे पैसे वजा करतात. आणि लाल वायर लालला लाव, मागच्या वेळी एकाने उलटी लावली होती."