कडू चवीचे गुण

आमच्या उज्जैनच्या मराठी घरांतून मुलांना परीक्षेत 'गुण' मिळत नाहीत, 'नंबर' मिळतात. हिंदी शाळेची ही देणगी. माझ्या आईला तो शब्द खटकत असे. ती म्हणे, "नंबर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा. पोराच्या अंगी असतात ते गुण." पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याची वही हातात आली, तेव्हा आईचे हे बोलणे आठवले. त्या वहीत त्याने बिअरला गुण दिले होते.

पानोपानी तारीख, बिअरचे नाव आणि खाली पन्नासपैकी गुण. वासाला बारा, रूपाला तीन, चवीला वीस, जिभेवरच्या स्पर्शाला पाच आणि एकूण मताला दहा. स्पर्धांचे परीक्षक असाच तक्ता वापरतात, असे त्याने मला समजावले. बहुतेक पाने एकाच जातीच्या बिअरची होती. तिचे नाव 'इंडिया पेल एल'. आपल्या देशाचे नाव मिरवणारी ही बिअर जन्माने मात्र विलायती आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन नावाचा बिअरवाला आपली पिंपे ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून हिंदुस्थानात पाठवू लागला. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या उत्पादकांनी त्याचा धंदा ओढून घेतला. उष्ण मुलुखाकडे जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स नावाच्या वेलीची फुले जास्त घालत. त्यांच्या कडवटपणामुळे ती टिकते. ही वेल वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने भांगेच्याच कुळातली आहे, आणि महाकाळाचा भांगेचा शृंगार पाहत वाढलेल्या आम्हा उज्जैनकरांना त्याचे फारसे नवल वाटू नये. आमच्याच जिल्ह्यातल्या महिदपूरला २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांची फौज हरली आणि १८१८ मध्ये महूची छावणी पडली. अशा छावण्यांतून साधा गोरा शिपाई बहुधा पोर्टर नावाची काळी बिअर पिई. ही फिकट, कडू बिअर अधिकाऱ्यांच्या मेजावर असे. कालांतराने ती मागे पडली, आणि १९७० नंतर अमेरिकेतल्या छोट्या उत्पादकांनी तिला नव्या, सुवासिक हॉप्सनिशी पुन्हा वर आणले. आपल्याकडच्या अगदी पहिल्या छोट्या बिअरशाळांपैकी एक २००९ साली पुण्यात निघाली. तिचे नाव डूलाली. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघून गोरे सोल्जर भ्रमिष्ट होत, त्यावरून इंग्रजीत आलेला हा शब्द. अर्थ, डोके फिरलेला.

हे सारे मला पुतण्याकडून कळले. एरवी या विषयाशी माझा संबंध नाही, असे मी मोठ्या अभिमानाने सांगत आलो आहे. त्या अभिमानाचे कारण सांगायला हवे.

माझे आबाकाका मिलमध्ये साच्यावर होते. पगाराच्या दिवशी ते घरी येण्याआधी कलालीवर जात. एकदा वडिलांनी त्यांना आणायला मला पाठवले होते, तेव्हा पाहिले ते अजून डोळ्यांपुढे आहे. काकांनी डाव्या हाताने नाक दाबले, उजव्या हाताने ग्लास एका दमात रिकामा केला आणि जिभेवर मिठाचा खडा ठेवला. चव लागू नये म्हणून एवढा आटापिटा! मी अकरावीत असताना ते गेले. काकूंच्या पाटल्या त्याआधीच गेल्या होत्या. तेराव्यानंतर आईने क्षिप्रेच्या घाटावर माझ्याकडून शपथ घेतली. ती मी पाळली आहे.

दोन वर्षांपूर्वी पुण्याला पुतण्याकडे उतरलो होतो. शनिवारची संध्याकाळ होती. त्याने मेजावर चार लहान पेले मांडले होते, शेजारी पाणी आणि साधा पाव. पेला किंचित फिरवायचा, वास घ्यायचा, लहानसा घोट घ्यायचा, गिळायचा आणि मग थांबायचे. "काका, तुम्ही पिऊ नका. नुसता वास घेऊन सांगा," तो म्हणाला. नाही म्हणायचे सुचले नाही. मी पेला नाकाशी नेला. मोसंबीची साल नखाने सोलावी तसा वास आला, त्यामागून कैरीच्या चिकाचा. वास चांगला होता. मला घाबरायला झाले. सारी हयात ज्या गोष्टीचा तिरस्कार केला, तिला वास असतो आणि तो आवडूही शकतो, हे मी कधी तपासलेच नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. न चाखता दोष देणारा मी आणि चाखून गुण देणारा तो, यांत न्यायाधीश कोणाला म्हणावे?

माझ्यावरचा आरोप मला मान्य आहे. आबाकाकांचा नाश झाला हे खरे, पण म्हणून त्या पेल्यातला वास वाईट होता असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. तसे पाहता कडूची गोडी माणसाला शिकावी लागते. तान्ह्या मुलाच्या जिभेला कडू लावले तर ते तोंड वेंगाडते. आपण पाडव्याला त्याला कडुनिंब देतो, पुढे कारले देतो, आणि कधीतरी तोच पोरगा कारल्याची भाजी मागून घेतो. या शब्दाचा प्रवासही गमतीचा आहे. संस्कृतात कटु म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू. कटूचे कडू झाले आणि वाटेत अर्थ बदलला. उत्तरेकडे झणझणीत मोहरीच्या तेलाला अजून 'कडवा तेल' म्हणतात, त्यात जुना अर्थ शिल्लक आहे. शब्दाला जे जमते ते जिभेलाही जमते. तेव्हा चव पारखणे ही एक विद्या आहे, हे मी पुतण्याला कबूल केले.

पण त्या विद्येत एक अडचण आहे. वाइनचे पारखी घोट थुंकून टाकतात. बिअरचे पारखी तो बहुतेक गिळतात, कारण मागे घशाशी रेंगाळणारा कडवटपणा जोखल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. या कडवटपणालाही माप आहे. साध्या हलक्या लागरचा आकडा बहुधा पंचविसाच्या आत, तर अमेरिकी वळणाच्या इंडिया पेल एलचा चाळीस ते सत्तर. असे दोन-तीन पेले झाले की जीभ थकते, म्हणून कमी कडू आधी आणि जास्त कडू शेवटी, असा क्रम लावतात. तरीही गिळलेले कुठे जाणार? कोर्टातल्या जज्जाने पक्षकाराकडून चहाही घेऊ नये असा संकेत आहे. इथे मात्र पक्षकारच जज्जाच्या पोटात जाऊन बसतो. वाण नाही पण गुण लागतो तो असा. पुतण्याने मला स्वतःच दाखवले: एका बिअरला चौथ्या पेल्यावर त्रेचाळीस गुण, आणि तिलाच पुढच्या वेळी कोऱ्या तोंडाने छत्तीस.

आमच्या विक्रमाच्या सिंहासनाच्या कथेत बत्तीस पुतळ्या आहेत. राजा भोज सिंहासनावर पाय ठेवू गेला की प्रत्येक पुतळी त्याला अडवून त्याची योग्यता विचारते. लहानपणी मला त्या पुतळ्यांचा राग येई. आता वाटते, गुण देणाऱ्या प्रत्येकाजवळ अशी एखादी पुतळी असावी.

त्या रात्री मी वही पुन्हा चाळली. गुण सोडून नुसत्या तारखा वाचत गेलो. पहिल्या वर्षी महिन्यातून एक पान, पुढच्या वर्षी दर शनिवारी, आणि शेवटी शेवटी दिवसाआड. सकाळी चहाच्या वेळी मी त्याला त्या तारखा मोठ्याने वाचून दाखवल्या. दुसरे काही बोललो नाही. तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "काका, प्रत्येक वेळी नवीन बिअर होती." मी म्हटले, "पिणारा तोच होता ना?"

२०२५ च्या दिवाळीत तो उज्जैनला आला. आम्ही काळभैरवाला गेलो. तिथे देवाला मद्याचा नैवेद्य असतो. पुजारी बशीत थोडे ओतून मूर्तीच्या मुखाशी धरतात आणि बाटलीत उरलेले प्रसाद म्हणून परत देतात. १ एप्रिल २०२५ पासून राज्य सरकारने उज्जैनसह एकोणीस धार्मिक ठिकाणी दारूविक्री बंद केली. नैवेद्य मात्र चालू आहे, भाविक बाटली बाहेरून आणतात. रांगेत कुणाजवळ देशी होती, कुणाजवळ महागडी विलायती. पुतण्याने पुढच्या माणसाला कुठली आणली म्हणून विचारले. तो हसून म्हणाला, "भैरव बाबा ब्रँड नहीं देखते."

पुतण्या परतताना म्हणाला, "देवाला बरे आहे, गुण द्यावे लागत नाहीत." मला वाटते, देवाला दुसऱ्या दिवशी कामावरही जावे लागत नाही. आपल्याला जावे लागते, म्हणून आपल्याला दोन खाती ठेवणे भाग आहे. एक वस्तूच्या गुणाचे, दुसरे तिच्या परिणामाचे. पहिल्यात पन्नासपैकी पन्नास पडले तरी दुसऱ्यातले देणे फिटत नाही, काकूंच्या पाटल्या परत येत नाहीत. आणि दुसऱ्यात कितीही देणे असले तरी पहिल्यात खोटा आकडा लिहू नये. मी पहिल्या खात्यात खोटे लिहीत आलो. पुतण्याने दुसरे खाते उघडलेच नव्हते.

माझी आजी रत्नागिरीकडची. नरकचतुर्दशीला स्नान झाल्यावर तुळशीपुढे अंगठ्याने कारीट फोडायचे, त्याचा थेंब जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, ही तिची रीत. इथे कारीट मिळत नाही, म्हणून आम्ही कारल्याची चकती चालवून घेतो. त्या सकाळी पुतण्याने ती जिभेला लावली आणि सवयीने डोळे मिटून क्षणभर थांबला. मी विचारले, "किती?"

"एवढीच पुरे," तो म्हणाला.

मी गुण विचारले होते. वही त्याने या खेपेला आणली नव्हती. का, ते मी विचारले नाही.