वृक्षांची ओळख



वाल्मीकि रामायणाच्या युद्धकांडात रावणाच्या शक्तीने लक्ष्मण निश्चेष्ट पडल्याचा प्रसंग आपण अनेकवार श्रवण केला आहे. मारुतिरायांनी पर्वताचे शिखर आणले, हे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु ते का आणावे लागले, याचा विचार क्वचितच होतो. सुषेण वैद्याने वनस्पतींची नावे सांगितली होती, स्थळही सांगितले होते. तेथे पोहोचल्यावर मात्र त्यांतील हवी ती कोणती, हे मारुतिरायांस ओळखता येईना. वेळ थोडा, म्हणून त्यांनी सारे शिखरच उपटले. पुढे त्यातून नेमकी वनस्पती निवडली, कुटली आणि लक्ष्मणास हुंगावयास दिली ती सुषेणाने. बळ आणि वेग हनुमंताचा खरा, पण त्या बळाला अखेरीस ओळखणाऱ्या डोळ्यांची वाट पाहावी लागली.

आपल्या धर्मकृत्यांत वृक्षांवाचून पान हालत नाही. नवग्रहांच्या समिधा घ्या : रुई, पळस, खैर, आघाडा, पिंपळ, उंबर, शमी, दूर्वा, दर्भ. ही नावे आपल्यापैकी पुष्कळांस मुखोद्गत असतील. पण यांतील खैर कोणता आणि शमी कोणती, हे उभ्या झाडावर बोट ठेवून किती जण सांगतील? पुडी बाजारातून येते, पुडीत काय आहे ते विकणारा जाणे! शमी म्हणून वेड्या बाभळीची डहाळी देवापुढे आली तरी आपण हात जोडून मोकळे होतो. ही श्रद्धा खरी, पण आंधळी.

बेलाचे पाहा. त्रिदल दिसले की बेल, असे समजणारे कित्येक आहेत. वस्तुतः पळस, पांगारा, वायवर्णा हे सारेच त्रिदलाचे. बेलाचे पान उजेडाकडे धरावे. त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. चुरगळल्यास त्याला स्वतःचा असा गंध येतो, आणि फांदीवर सरळ, टोकदार काटे असतात. एवढ्या तीन खुणा मुलास एकदा दाखवाव्या, तो जन्मभर विसरणार नाही.

दसऱ्याला तर अनर्थच होतो. सोने म्हणून लुटले जाते त्यात आपटा किती आणि कांचन किती? आपट्याचे पान लहान, जाडसर व खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला अधिक. कांचनाचे मोठे व मऊ. या अज्ञानापायी दोन्ही झाडांच्या फांद्या ओरबाडल्या जातात आणि सणाच्या दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पायदळी पडतात. एक पान पुरे असता फांदी कशासाठी?

आपल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात आणखी एक जुळे पान आहे, अंजनाचे. आपट्याचे पान एकच असून टोकाशी चिरलेले असते. अंजनाची मात्र दोन स्वतंत्र पर्णिका देठाशी जोडलेल्या असतात. याचे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते. शेतीची अवजारे त्याचीच करीत, पाला गुरांना घालीत आणि सालीच्या धाग्यांचे दोर वळीत. सलईची साल कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. तिचा डिंक आपण धूप म्हणून जाळतो. याच सलईच्या लाकडाच्या व बांबूच्या भरवशावर 1950 च्या दशकात नेपानगरला वृत्तपत्री कागदाचा देशातला पहिला कारखाना उभा राहिला, हे शाहपुरातल्या नव्या पिढीस सांगावयास हवे. बाळंतिणीच्या लाडवांतला डिंक धावड्याचा. लाडू आपण जाणतो, झाड जाणत नाही.

हे ज्ञान नाहीसे झाले आहे असे नाही. सातपुड्यातल्या कोरकू, भिलाला, बारेला बंधूंच्या घरी ते आजही नांदते आहे. मोहाची फुले वेचणारी म्हातारी जे जाणते ते आपल्या पोथीत सापडणार नाही. तिच्याकडे विद्यार्थी म्हणून जाण्यात कमीपणा कसला? प्रत्यक्ष गोपाळकृष्ण गुराख्यांचाच सोबती होता. भागवताच्या दशमस्कंधातील बाविसाव्या अध्यायात, कडक उन्हाळ्यात छाया धरणारे वृक्ष दाखवून तो सवंगड्यांस त्यांची थोरवी सांगतो. पाने, फुले, फळे, छाया, मुळे, साल, लाकूड, गंध, डिंक, राख, कोवळे अंकुर, सारे काही त्याने मोजले आहे. डिंक आणि राखही ज्याच्या यादीतून सुटत नाही, त्याने झाड दुरून पाहिलेले नाही हे उघड आहे.

आता एक गोष्ट विशेषेकरून मातांसाठी. कुंपणाला लावतात ती चंद्रज्योत, म्हणजेच मोगली एरंड, हिच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात. त्या खाऊन मुलांना ओकाऱ्या व जुलाब होऊन रुग्णालयात न्यावे लागल्याचे प्रकार वारंवार घडतात. पिवळ्या कण्हेरीचे फूल आपण शंकरास वाहतो, पण तिची बी हृदयावर घात करते. अंगणातच ही दोन झाडे असतात. मुलास अक्षरओळख देण्याच्या वयातच ही ओळखही द्यावी. बी पोटात गेल्याचे कळताच घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्या झाडाची डहाळी बरोबर घ्यावी, म्हणजे काय खाल्ले ते त्यांस लगेच कळेल.