तीन लाखांचे पुण्य

निगडीत राहणाऱ्या माणसाला गाडीबद्दल मत असावेच लागते. नाशिककराला द्राक्षांबद्दल आणि जळगावकराला केळ्यांबद्दल असते, तसेच हे. इथे ज्याने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही, त्यानेही गाडीचा एखादा तुकडा जन्मभर घडवलेला असतो. आमच्या समोरचे काका पिंपरीत गिअर कापत निवृत्त झाले, वरच्या मजल्यावरचा मुलगा चाकणला रंगाच्या खात्यात आहे, आणि मी स्वतः बत्तीस वर्षे एका कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात काढली. वस्तू बनवणे हे माझे काम नव्हते. ती कितीला पडली हे बनवणाऱ्याला सांगून त्याचा दिवस खराब करणे, हे माझे काम.

तेव्हा चिरंजीवांनी बंगळूरहून फोन करून ‘‘बाबा, जुनी काढा आता, आणि घ्यायचीच तर हायब्रिड घ्या,’’ असे फर्मावले, त्याच रात्री मी फुलस्केप कागद काढला.

हायब्रिड हा शब्द आमच्या पिढीला ज्वारीमुळे ठाऊक. पोते भरायचे, पण भाकरीला चव नाही, अशी तिची ख्याती होती. त्यामुळे हायब्रिड गाडी म्हटल्यावर सौ.चा पहिला प्रश्न, ‘‘चालते ना नीट?’’ चालते. तिला पेट्रोलचे इंजिन असते, शिवाय विजेची मोटर आणि बॅटरी असते. ब्रेक मारला की एरवी जी शक्ती चाके तापवण्यात वाया जाते, तिच्यातली बरीचशी बॅटरीत परत येते. सिग्नलला इंजिन मुकाट्याने झोपते आणि हळू चालताना मोटरच गाडी ओढते. कल्पना नवी नाही. फर्डिनांड पोर्शने 1900 सालीच अशी दुहेरी गाडी बनवली होती. 1997 मध्ये जपानात प्रियस आली. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या नजरेच्या टप्प्यात ती आली 2022 मध्ये, ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर ह्या जोडीबरोबर.

खरे तर आम्ही स्कूटरवाले ह्या जपान्यांच्याही आधीचे हायब्रिड. उतार लागला की इंजिन बंद करायचे, सिग्नलला बंद करायचे, आणि सुरू होईना तर स्कूटर एका अंगावर कलंडवून तिची समजूत काढायची. ती शक्ती बॅटरीतून येत नसे, आमच्या उजव्या पायातून येई. असो.

आता हिशेब. दोन गाड्यांच्या किमतींत फरक मी तीन लाख धरला. आमचे फिरणे वर्षाला आठ हजार किलोमीटर. कंपनी हायब्रिडला लिटरमागे 27.97 किलोमीटर सांगते, पण कंपनीची गाडी कंपनीच्या रस्त्यावर धावते आणि आमची टिळक चौकातून. म्हणून हायब्रिडला 22 आणि साध्या गाडीला 14 असे धरले. साधीला 571 लिटर लागते, हायब्रिडला 364. वाचले 207 लिटर. लिटरला 105 रुपये धरले तर वर्षाला 21,735 रुपये. चौदा वर्षांत तीन लाख वसूल! बॅटरीची हमी मात्र आठ वर्षांची, पण कॉस्टिंगवाल्याला आशावादी राहण्याची एवढी संधी पुरते.

मग व्याज आठवले. तेच तीन लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला 21,000 येतात, काही न करता, विमा न उतरवता, धुवायला माणूस न ठेवता. निव्वळ फायदा वर्षाला 735 रुपये. तीन लाख भागिले 735, म्हणजे 408 वर्षे! आज तीन लाख वसूल व्हायला हवे असतील, तर गाडी शिवजन्माच्या बारा वर्षे आधी घ्यायला हवी होती.

सरकार काही मदत करते का, तेही पाहिले. 22 सप्टेंबर 2025 पासूनच्या जीएसटीत विजेच्या गाडीला 5 टक्के, आणि चार मीटरहून लांब हायब्रिडला 40, मोठ्या पेट्रोल गाडीइतकेच. सरकारच्या मते हे अर्धे पुण्य आहे आणि अर्ध्या पुण्याला सूट नाही. तरी 2022 मध्ये थर्ड पार्टी विम्यात हायब्रिडला साडेसात टक्के सवलत जाहीर झाली होती. 1000 ते 1500 सीसीच्या गाडीचा हप्ता तेव्हा 3,416 ठरला, त्यावर सवलत 256 रुपये. मी तीही मांडली. 408 ची 303 वर्षे झाली.

ह्या गाडीचा आणखी एक विक्षिप्तपणा आहे. ती मोकळ्या रस्त्यावर फारसे वाचवत नाही. द्रुतगती मार्गावर सुसाट सुटलात तर तिची आणि साध्या गाडीची मिळकत जवळजवळ येते. ती वाचवते तुम्ही अडकल्यावर. म्हणजे चाकणच्या तळेगाव चौकात तास काढणारा माणूस सर्वांत फायद्यात! परवा आकुर्डीजवळ वाहतूक तुंबली तेव्हा शेजारी बसलेले मेहुणे हळहळले, ‘‘हायब्रिड असती तर मजा आली असती.’’ इतर सगळे घरी पोचायला तडफडत असताना माणसाने कोंडीची आस धरावी, अशी ही काटकसर.

इथवर काम सोपे होते. कागदावर शेवटी ‘परवडत नाही’ असे लिहून, दोन रेघा मारून उठायचे. पण चिरंजीवांनी दुसऱ्या दिवशी विचारले, ‘‘बाबा, त्या 207 लिटरचा धूर कोणत्या रकान्यात टाकलात?’’

एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पेट्रोल स्वतः किलोभरही भरत नाही, पण जळताना हवेतला प्राणवायू सोबत घेऊन जाते, म्हणून वजन वाढते. 207 लिटरचे 476 किलो. हे जर कोणी पोत्यात भरून वर्षाच्या शेवटी माझ्या दारात टाकले असते तर मी महापालिकेकडे तक्रार केली असती. ते दिसत नाही, म्हणून मी ते जगाच्या दारात टाकतो आणि जग तक्रार करीत नाही. बत्तीस वर्षांत मी बोल्टला लागणाऱ्या ग्रीसचा पैसा लावला, पहारेकऱ्याच्या चहाचा लावला. चौकात उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसाच्या छातीचा रकाना कोणत्याच छापील तक्त्यात नव्हता. ‘परवडत नाही’ ह्या दोन शब्दांत ‘कोणाला’ हा तिसरा शब्द आपण सोयीने गिळतो, असे मला दिसू लागले. चांगले काम आणि तेही वसूल झाले तरच करायचे, तर त्याला चांगले काम का म्हणायचे? ती गुंतवणूक झाली.

मी भारावून सौ.ला म्हटले, ‘‘तीन लाख गेले तर गेले. पुण्य समजू.’’

ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘पुण्यच करायचं असेल तर हायब्रिडच कशाला? मावशींची पोर पॉलिटेक्निकला जायचं म्हणतेय. तीन लाखांत तिची तिन्ही वर्षं निघतील. आणि आपण दोघं पीएमपीने जाऊ, म्हणजे तुमचे ते 364 लिटरही वाचतील.’’

सांगायचे म्हणजे, ह्याला उत्तर नव्हते. धुराचे पुण्य मोठे की पोरीच्या शिक्षणाचे, हे कोणत्या मापाने मोजायचे? एक जगभर पसरून प्रत्येकाच्या वाट्याला कणभर येते, दुसरे एकाच घरात घसघशीत पडते. आणि एक गोष्ट मला टोचली. हायब्रिडचे पुण्य करून मला वातानुकूलित गाडीत बसायला मिळणार होते. मावशींच्या पोरीचे करून उन्हात बसथांब्यावर उभे राहायला. माझी भूतदया बरोबर गारव्याच्या बाजूला झुकली होती.

पण माणूस वादात हरत असला की संतांकडे धावतो. शिवाय आमच्याकडून देहू काही लांब नाही, पालखी इथूनच जाते. मी म्हटले, ‘‘तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. वाण्याच्या घरातला माणूस, हिशेब उत्तम येत होता. पण वसूल होईल का, असं विचारत बसले नाहीत.’’

‘‘बुडवली ना,’’ सौ. म्हणाली. ‘‘पण आधी निम्मी खतं धाकट्या भावाला, कान्होबाला, देऊन टाकली. बुडवली ती आपल्या वाट्याची. ठेव आपल्या दोघांच्या नावावर आहे. माझे दीड लाख मी मावशींच्या पोरीला देणार. तुमच्या दीड लाखात जेवढी हायब्रिड येते तेवढी आणा.’’

कथा मलाही ठाऊक होती, पण तिच्यातल्या कान्होबाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. बुडवणाराच सगळ्यांच्या लक्षात राहतो.

दीड लाखाचा नवा कागद घेऊन मी शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलाने तो शांतपणे वाचला आणि म्हणाला, ‘‘येते की, काका. तिला माइल्ड हायब्रिड म्हणतात. मोटर असते, पण एकट्याने गाडी ओढत नाही. नुसतं इंजिनाला बरं वाटतं.’’