गाईंचं काय झालं?

आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४



ज्ञान कसं मिळवायचं, हे भगवंत या श्लोकात अर्जुनाला सांगतात. प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा, तिन्ही एकत्र. म्हणजे नमायचं, विचारायचं आणि राबायचं. माउलींनी तर इथे सेवेला ज्ञानाच्या घराचं दारच म्हटलंय.

कॉलेजातही हल्ली हेच ऐकू येतं, की वर्गात बसून काय शिकणार, बाहेर पडा, सेवेतून शिका. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून हे करते आहे. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे. तुमच्यापैकी कित्येकांनी सात दिवसांचं शिबिरही केलं असेल. कल्पना छानच आहे, पण एक प्रश्न सुटत नाही. मी शिकावं म्हणून सेवा करत असेन, तर समोरचा माणूस माझं पाठ्यपुस्तकच झाला की! समजा, वस्तीतल्या एका मुलाला आठ शनिवार गणित शिकवलं. आपले तास भरले, बायोडेटात एक ओळ वाढली. नवव्या शनिवारी तो वही घेऊन वाट बघत बसला, त्याचं काय?

छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम जाबाल आठवा. ब्रह्मविद्या शिकायला तो गौतम ऋषींकडे गेला. गुरूंनी काय दिलं? चारशे गाई, त्याही निवडून काढलेल्या, हडकुळ्या, अशक्त. यांच्या मागे जा म्हणाले. धडा नाही, मंत्र नाही. (आजचे पालक असते तर फी परत मागितली असती!) सत्यकाम म्हणाला, हजार झाल्याशिवाय परतणार नाही. कित्येक वर्षं रानात राहिला. एक दिवस कळपातला बैलच त्याला म्हणाला, आम्ही हजार झालो, आता आम्हाला आचार्यांकडे ने. आणि मग ब्रह्माचा एक पाद त्यानेच सांगितला. पुढे वाटेत अग्नीने, हंसाने आणि मद्गू नावाच्या पाणपक्ष्याने उरलेले तीन सांगितले.

इथला क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी गाई हजार झाल्या, ज्ञान त्यानंतर आलं, तेही न मागता. इतकी वर्षं सत्यकामाचं लक्ष 'मी काय शिकतोय' यावर नव्हतं, गाईंवर होतं. त्या तशाच हडकुळ्या राहिल्या असत्या, तर बैल बोलला असता का? मला नाही वाटत.

गोष्ट इथेच संपत नाही, हे बऱ्याचदा सांगायचं राहून जातं. परत आल्यावर त्याचा चेहरा तेजाने उजळलेला पाहून गुरूंनी विचारलं, तुला कोणी शिकवलं? तो म्हणाला, माणसांनी नाही, पण मला तुमच्याकडूनच शिकायचंय. आणि गुरूंनी शिकवलं, काही न वगळता. म्हणजे रानातल्या शिक्षणाने गुरूसमोर बसण्याची गरज संपली नाही. परिप्रश्न उरतोच.

आपल्या गाडगेबाबांकडेही या दोन्ही गोष्टी होत्या. दिवसा हातात खराटा, गाव झाडायचं. रात्री कीर्तन, आणि त्या कीर्तनात लोकांना प्रश्नांवर प्रश्न.

तेव्हा या आठवड्यात कुठे सेवेला जाणार असाल, तर परतताना 'मला काय मिळालं' हे डायरीत लिहिण्याआधी गाईंचं काय झालं ते लिहा. तो मुलगा अपूर्णांकापर्यंत पोचला का? पुढच्या शनिवारी कोण जाणार आहे?

उद्या श्लोक ३५. राम कृष्ण हरी 🙏