गाळातील पाखरे



पांढुर्णा व सौंसर येथील आम्ही काही शब्बाथशाळा-शिक्षक निफाडजवळील नांदूर मधमेश्वर अभयारण्यात गेलो. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, पाणी उथळ झाले. माणसाच्या हिशेबी हे नुकसानच! पण त्याच गाळात पाणवनस्पती वाढल्या, किडे-मासे वाढले, आणि दर हिवाळ्यात दूर उत्तरेकडून तलवार बदके येऊ लागली. २०१९ साली रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातील ही पहिली पाणथळ.

तेथे मला एक मुलगा आठवला. "याच्यात काही उगवणार नाही," असे म्हणून मी त्याचे नाव हजेरीतून खोडले होते. मत्तय ६:२६ मी कितीदा शिकविले होते. पाखरे मात्र त्या दिवशी पाहिली.

परतताच त्याच्या घरी गेलो. शिक्षकहो, आपण खोडलेले नाव प्रभूनेही खोडले आहे काय?